आजीच्या रानाचा फोटो

भावाचा फोन आला तेव्हा मी हरभरा सोलत बसले होते. "अक्का, खालचं रान रस्त्यात गेलं. नोटीस आलीय," एवढंच तो बोलला. मग दोघंही गप्प. मी चाळीस वर्षं इंदूरला आहे, पण निपाणीच्या पलीकडचं ते दोन एकराचं रान माझ्या डोळ्यांपुढून कधी हललेलं नाही. आमच्याकडे शेताला रानच म्हणतात. खालचं रान म्हणजे विहीर, विहिरीवरची चिंच, बांधावरची बोर आणि मधे तंबाखू. आजी गेली त्या वर्षीही तंबाखूच होता.

दोन दिवसांनी भाचीचा फोन. ती बडोद्याला फाइन आर्ट्स शिकते. म्हणाली, "आत्या, रान जायच्या आधी मला त्याचे फोटो काढायचेत. फोनवर नाही, रोलवर. कृष्णधवल. काकाआजोबांचा तो जुना कॅमेरा तुझ्याकडं आहे ना?"

होता. माझ्या काकांचा अॅग्फा क्लिक थ्री, चामडी पिशवीतला. काका गेल्यावर काकूंनी तो मला दिला, कारण लहानपणी मीच त्याच्यामागं लागायची. साधा डबा. लेन्सपाशी ऊन आणि ढग अशा खुणा, बाकी काही नाही. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. परवा पुसताना त्याच्यावरचं नाव पहिल्यांदा नीट वाचलं. तो बडोद्यालाच बनलेला! न्यू इंडिया इंडस्ट्रीज नावाच्या कंपनीनं जर्मन अॅग्फाचा हा कॅमेरा बडोद्यात तयार केला होता. भाचीला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "म्हणजे तो माहेरी येणार."

याच कॅमेऱ्यानं काकांनी 1974 साली खालच्या रानाचा एक फोटो काढला होता. तो आमच्या घरी सोप्यात लावलाय. मुळात तो आजीचा फोटो. आजी फोटोला तयार नसायची. फोटोनं आयुष्य कमी होतं, असं तिच्या पिढीत पुष्कळ बायका मानत. म्हणून काकांनी लांबूनच काढला, ती तंबाखूत वाकलेली असताना. तिनं लाल लुगडं नेसलं होतं, मला पक्कं आठवतं. पण फोटोत लाल लुगडं आणि हिरवी पानं दोन्ही एकाच राखाडी रंगाची आलीत. आजी पिकात मिसळून गेलीय. आल्यागेल्याला दाखवावं लागतं, "ही बघा, इथं आजी."

सगळं ठरलं आणि वहिनींनी आडकाठी घातली. वहिनी व्रती आहेत. अष्टमी, चतुर्दशी, दशलक्षण, सगळं काटेकोर. चातुर्मासात त्यांनी प्रवचनात ऐकलं होतं की औषधाच्या कॅप्सूलमध्ये, जेलीत आणि फोटोच्या रोलमध्ये जिलेटीन असतं आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं. त्यांनी मला फोन केला. आवाज चढलेला नव्हता, पण ठाम होता. "वन्सं, पोरीला तुम्ही समजवा. पैसे टाकून हाडांचा रोल आणायचा आणि तोही पर्वाच्या तोंडावर? फोनवर काढू दे की फोटो."

मला उत्तर सुचलं नाही. वहिनी म्हणतात ते खरं आहे का, एवढंही मला ठाऊक नव्हतं. मग इथल्या वाचनालयात जाऊन बसले. जे सापडलं ते सांगते, कारण हा प्रश्न आपल्यातल्या पुष्कळजणींना कधी ना कधी पडणार.

सुरुवात मी इंदूरपासूनच करते, आणि एका जैन माणसापासून. लाला दीनदयाळ, पुढचे राजा दीनदयाळ. मेरठजवळच्या सरधन्याचा जैन जवाहिऱ्याच्या घरातला मुलगा, जन्म 1844 चा. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्य शिकून ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करायला लागले. 1874 च्या सुमारास त्यांनी फोटोग्राफी हाती घेतली. सर हेन्री डेली, ज्यांच्या नावाचं डेली कॉलेज इंदूरकर रोज पाहतात, त्यांनी दीनदयाळांना उत्तेजन दिलं. पुढे 1882 साली लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर हिंडून दीनदयाळांनी मध्य भारतातल्या वास्तूंचे फोटो काढले. ग्वाल्हेरचा किल्ला, सांची, खजुराहो. 1886 साली त्याचं पुस्तक निघालं. मग ते हैदराबादला गेले, सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले, तिथंच राजा ही पदवी मिळाली. 1892 साली त्यांनी हैदराबादला खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तिथं फोटो काढायला एक इंग्रज बाई नेमली. पडद्यातल्या बायकांना परपुरुषासमोर बसावं लागू नये हा हेतू. 1905 साली ते वारले. त्यांच्या 2,857 काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

काचेच्या, हे लक्षात घ्या. तेव्हा रोल नव्हताच. दीनदयाळ शिकले त्या काळातली पद्धत ओल्या काचेची. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव ओतायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो काढायचा आणि ओली असतानाच धुवायची. सगळं दहा-पंधरा मिनिटांत. काच वाळली की संपलं. म्हणून माळरानावर फोटो काढायचा तर बैलगाडीभर बाटल्या, काचा आणि अंधाऱ्या खोलीसाठी तंबूसुद्धा बरोबर न्यावा लागे. एका निसर्गदृश्यामागे अर्धा संसार.

हे कलोडियन कशाचं? कापसाचं. कापूस नत्राम्लात मुरवून ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवायचा. वाचून मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आपल्या माणसाचं काम तरी अहिंसक निघालं. पण पुढचंच पान उलटलं आणि थांबले. काचेवरून फोटो ज्या कागदावर छापत त्याला अल्ब्युमेन पेपर म्हणत. अल्ब्युमेन म्हणजे अंड्याचा पांढरा बलक. कागदावर त्याचा थर देऊन तो चकचकीत करत. जर्मनीत ड्रेस्डेनला या कागदाचे मोठे कारखाने होते आणि तिथं रोज हजारो अंडी फुटत. दीनदयाळांचे किती तरी सुंदर फोटो या कागदावर आहेत.

एका जैन घरातल्या माणसाला याबद्दल काय वाटलं असेल? त्यांच्या मनातलं आपण बोलू नये. मी एवढंच म्हणेन की हा प्रश्न वहिनींच्या फोनपासून सुरू झालेला नाही. फोटो नावाची गोष्ट आपल्या समाजाच्या हातात आली त्या दिवसापासून तो तिच्याबरोबर आहे.

अंडं गेलं आणि हाडं आली. 1871 साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरनं जिलेटीनमध्ये चांदीचे क्षार कालवून काचेवर थर देता येतो, असं दाखवलं. पुढच्या काही वर्षांत त्यात सुधारणा झाल्या. ही काच कोरडी राहते, महिनोन्‌महिने टिकते, आणि ओल्या काचेपेक्षा कितीतरी पटीनं झटपट प्रकाश पकडते. तंबू नको, बैलगाडी नको. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमननं अशा कोरड्या काचांचा धंदा काढला. 1888 साली त्यानं कोडॅक नावाचा रोलचा कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा रोल कागदाचा होता. 1889 पासून पारदर्शक फिल्मचा रोल आला. ही फिल्मही पुन्हा कापसाचीच, नत्राम्लात मुरवलेल्या कापसाची. ती भडकन पेट घेई, म्हणून पुढे तिच्या जागी न पेटणारी फिल्म आली. पण पट्टी कुठलीही असो, तिच्यावर चांदी धरून ठेवणारा थर जिलेटीनचाच राहिला. आजही तोच आहे. जिलेटीनला दुसरा पर्याय शोधायचे प्रयत्न झाले, पण त्याच्यासारखं काम करणारं काही सापडलं नाही. ते पाण्यात फुगतं, औषध आत घेतं, सुकल्यावर पुन्हा घट्ट होतं. चांदीचे कण जिथल्या तिथं राहतात.

म्हणजे वहिनी खरं सांगत होत्या. रोलमध्ये तीन वस्तू: झाडापासून आलेली पट्टी, खाणीतून आलेली चांदी आणि जनावराच्या हाडा-कातड्याचा डिंक.

यातली एक हकीकत मला फार लागली. 1882 साली ईस्टमनच्या काचा एकाएकी निकामी निघू लागल्या. धंदा बुडायची वेळ आली. कृती तीच, माणसं तीच, मग बिघडलं काय? दोष जिलेटीनमध्ये होता, पण नेमका कशाचा ते तेव्हा कळलं नाही. ते उलगडायला 1925 साल उजाडलं. कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड या शास्त्रज्ञानं शोधून काढलं की चांगल्या जिलेटीनमध्ये गंधकयुक्त पदार्थाचा अगदी कणभर अंश असतो आणि त्यामुळेच फिल्म तेज होते. तो अंश येतो मोहरीसारख्या झाडपाल्यातून, जो त्या जनावरांनी चरताना खाल्लेला असतो. गाय कुठल्या रानात चरली, तिनं काय खाल्लं, हे मेल्यानंतरही तिच्या हाडांत उरतं आणि फोटोत उतरतं.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. आमच्या सोप्यातल्या फोटोत आजी आहे, तंबाखू आहे, चिंच आहे. आणि कुठलं तरी न दिसणारं जनावर आहे, कुठल्या तरी परक्या रानात चरलेलं. इतकी वर्षं ते भिंतीवर आहे आणि आम्हाला माहीत नव्हतं.

आजी राखाडी पानांत का हरवली, त्याचंही उत्तर याच पुस्तकांत मिळालं. चांदीच्या क्षारांना मुळात फक्त निळा-जांभळा प्रकाश कळतो. म्हणून जुन्या फोटोंत आकाश पांढरं फटक आणि ढग गायब. लाल वस्तू काळी येई. आपल्या पणज्यांच्या एखाद्या स्टुडिओतल्या फोटोत कपाळावरचं कुंकू काळं दिसतं ना, त्याचं कारण हे. 1873 साली हेर्मान फोगेल या जर्मन प्राध्यापकाला आढळलं की थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर हिरवा प्रकाशही पकडता येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाल रंगही कळणाऱ्या काचा निघाल्या. काकांच्या रोलला सगळे रंग कळत होते, पण दाखवायला त्याच्याकडे फक्त उजेड आणि अंधार. लाल आणि हिरवा सारख्याच उजेडाचे असले की दोन्ही एक. रानात काम करणारी बाई आणि रान यांत फोटोला फरक दिसला नाही. माणसांनाही तो फारसा दिसत नव्हता म्हणा. सात-बाऱ्यावर आजीचं नाव कधीच लागलं नाही.

आपल्याकडच्या खेड्यांचे फोटो कोणी, कशासाठी काढले तेही पाहिलं. दीनदयाळांच्या काळात साहेबांना वास्तू हव्या असत, शेत आणि माळ कडेला. पुढे 1943 च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना हा तरुण पी. सी. जोशींबरोबर गावोगाव हिंडला. त्याचे कृष्णधवल फोटो छापून आले आणि भुकेनं मरणारी खेडी शहरातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिली. तिथून शेत आणि शेतकरी फोटोच्या मधोमध आले. कॅमेरा मात्र बहुतेक पुरुषांच्याच हाती राहिला. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचेही सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले गेले. अखेरची वर्षं त्या बडोद्यात राहिल्या, 2012 मध्ये तिथंच गेल्या. भाचीच्या वर्गात त्यांचं नाव सगळ्या मुलींना पाठ आहे.

एकेकाळी रोलही आपल्या देशात बनत. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना 1960 साली स्थापन झाला आणि 1967 पासून तिथं उत्पादन सुरू झालं. 'इंदू' नावाचे कृष्णधवल रोल, कागद आणि एक्स-रे फिल्म गावोगावच्या स्टुडिओंत मिळत. रंगीत फोटो आले, मग डिजिटल आलं, आणि तो कारखाना बंद पडला. आता भाचीला परदेशी रोल घ्यावा लागतो आणि तो स्वस्त नाही.

एवढं सगळं कळल्यावर मी वहिनींना फोन केला. म्हटलं, "वहिनी, तुमचं खरं आहे. पण मग सोप्यातला आजींचा फोटोही उतरवायला हवा. त्या कागदावरही तोच थर आहे."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाल्या, "तो कसा उतरवायचा?"

मी त्यांना जिंकायला हे बोलले नव्हते. मलाही तोच प्रश्न पडला होता. मग आम्ही आजीबद्दलच बोललो. आपण दक्षिणेकडचे जैन बहुतेक शेतकरी. व्यापारी घरातल्या माणसाला हिंसा टाळणं जितकं सोपं वाटतं तितकं आपल्याला कधी वाटलं नाही. नांगर घातला की गांडुळं, किडे मरणारच. आपल्या शास्त्रांनी हे ओळखून हिंसेचे चार प्रकार सांगितले: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारायचंच म्हणून मारणं ती संकल्पी, ती श्रावकानं पूर्ण सोडायची. घरकामात आणि पोटापाण्याच्या उद्योगात जी घडते ती जमेल तितकी कमी करायची आणि जी घडली तिची जाणीव ठेवायची. आजीला हे पाठ नव्हतं, पण ती तसं वागायची. अष्टमी-चतुर्दशीला नांगर बंद. तण जाळू द्यायची नाही. चामड्याची चप्पल नाही, रेशीम नाही. बस्तीत जाताना सुती लुगडं. आणि रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर दोन हात जोडून रानाकडे तोंड करून क्षमा मागायची. कोणाची मागतेस विचारलं तर म्हणायची, "ज्याला लागलं त्याची."

वहिनी म्हणाल्या, "पण रान पोटासाठी होतं वन्सं. फोटो कशासाठी?"

यालाही माझ्याकडे पुरं उत्तर नव्हतं. आजही नाही. मी एवढंच म्हणाले, की रान जाणार आहे. पोरीला ते नीट बघायचंय. फोनवर ती पाचशे फोटो काढेल आणि एकही पुन्हा बघणार नाही. रोलवर बाराच निघतात. प्रत्येकाआधी तिला थांबावं लागेल. आपण परिग्रहाचं परिमाण घेतो ना, इतकेच दागिने, इतकीच भांडी, तसं हे बाराचं परिमाण समजा.

वहिनी हो म्हणाल्या नाहीत. "पर्व होऊ दे, मग या," एवढंच म्हणाल्या. आम्ही क्षमावणी झाल्यावर गेलो.

पहाटे दव होतं. भाची एकटीच रानात गेली, मी बांधावर बसले. वर्षभरापासून पीक नाही, नुसतं गवत. तिनं पहिला फोटो काढायला पाऊण तास लावला. विहिरीला तीन फेऱ्या मारल्या. चिंचेखाली बसली, उठली, ऊन वर यायची वाट पाहिली. कॅमेऱ्याचा आवाज आला तो खट्टकन एकदाच. सूर्य मावळेपर्यंत अकरा झाले. बाराव्याला ती माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "माझा नको, रान घे." ती म्हणाली, "आत्या, आजीसारखं करू नकोस." मग मी बसून राहिले.

रोल तिनं बडोद्याला स्वतः धुतला. फोनवर दाखवत होती. अंधारात डबीत औषध, मग पाणी, मग हायपो. हायपोला चांदीचे नको असलेले क्षार विरघळवता येतात, हा शोध जॉन हर्शेलचा, 1819 चा. जुन्या स्टुडिओत वापरलेला हायपो फेकत नसत, त्यातून चांदी काढणारी माणसं तो विकत नेत. फोटोत येते ती चांदी थोडी, वाहून जाते ती जास्त. मला वाटतं आठवणींचंही तसंच आहे.

बारापैकी चार बिघडले. काकांच्या कॅमेऱ्यात कुठून तरी उजेड शिरतो. आठ चांगले आले. त्यातले दोन तिनं मोठे करून घरी पाठवले, एक विहिरीचा आणि एक बांधावर बसलेल्या माझा.

दिवाळीत गेले तेव्हा पाहिलं. सोप्यात आजीच्या फोटोशेजारी विहिरीचा फोटो लागला होता. खिळा वहिनींनीच ठोकून घेतला होता. मी काही बोलले नाही, त्याही नाहीत. संध्याकाळी दिवा लावून त्या बाहेर आल्या आणि सोप्यातल्या त्या दोन फोटोंपुढे हात जोडून क्षणभर उभ्या राहिल्या. मी विचारलं नाही कोणाची क्षमा मागितली.

खालच्या रानात आता खडी पडलीय. चिंच अजून आहे, असं भाऊ म्हणतो.